घराचे घरपण

सुगरण पक्ष्याचे घरटे हजार वर्षांपूर्वी जसे विणले जात असे, तसेच ते आजही विणले जाते. मधमाशीच्या पोळ्याचीही तीच गोष्ट. मनुष्याचे घर मात्र पिढीगणिक बदलत आले आहे. ऊन, पाऊस आणि वारा यांपासून रक्षण व्हावे एवढ्याचसाठी मनुष्य घर बांधीत नाही. त्या घरात दिवा लावावा, भिंत स्वच्छ असावी, दारापुढे चार रेघांची का होईना रांगोळी असावी, असे त्याला वाटते. घर मोडकळीस आले की तो ते सावरतो व सावरल्यावर ते सजवितो. घराची डागडुजी करणे आणि त्याला शोभा आणणे ही दोन्ही कामे पुरातन आहेत. अलीकडे शहरांतून या कामाचे शास्त्र शिकविले जाते व ते शिकलेल्या मनुष्यास गृहसजावटकार म्हणतात. परंतु या शास्त्राची कित्येक तत्त्वे खेड्यापाड्यांतील साध्या घरांतूनही पाहावयास मिळतात. मात्र ती डोळसपणे पाहिली पाहिजेत.

ठाणे जिल्ह्यात, शहापुराहून मुरबाड तालुक्यातील सरळगावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर किन्हवली हे गाव आहे. पूर्वेस सह्याद्रीची उंच भिंत उभी आहे आणि सभोवार भाताची खाचरे, सागाची झाडे व लहानमोठे पाडे पसरलेले आहेत. कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा अनेक समाजांची वस्ती या भागात आहे. पावसाळ्याचे चार महिने येथे पाऊस मुसळधार कोसळतो, तर चैत्र-वैशाखात जमीन तव्यासारखी तापते. एवढा पाऊस आणि एवढे ऊन सोसणारे घर कसे असावे, याचा विचार येथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, आणि त्या विचारातूनच येथील जुने घर घडले.

या घराचा सांगाडा लाकडाचा असतो. जमिनीत रोवलेल्या खांबांवर आढे ठेवतात, आढ्यावरून दोन्ही बाजूंना वासे सोडतात आणि वाशांवर गवत किंवा कौले घालतात. छपराचे पाखे चांगले उतरते असतात, म्हणजे पावसाचे पाणी क्षणभरही न थांबता खाली ओघळते. भिंती असतात कुडाच्या. सह्याद्रीच्या उतारांवर कारवी नावाचे झुडूप उगवते. सुमारे सात-आठ वर्षे ते वाढते, मग एकदाच फुलते आणि बी धरून वाळून जाते. त्याच्या सरळ, चिवट काठ्या एकीशेजारी एक उभ्या बांधल्या म्हणजे कूड तयार होतो. त्यावर आतून व बाहेरून माती आणि शेण यांचा गिलावा देतात. मातीत भाताचा तूस किंवा बारीक चिरलेला पेंढा मिसळलेला असतो. ओली माती वाळताना आकसते व तिला भेगा पडतात. पेंढ्याचे तंतू तिला धरून ठेवतात व भेगा पडू देत नाहीत. अशी भिंत उन्हाची झळ हळूहळू आत घेते. त्यामुळे बाहेर रखरखीत दुपार असली तरी घरात गारवा राहतो.

हे घर एकदा बांधले की काम संपले, असे मात्र होत नाही. त्याची सेवा दरवर्षी करावी लागते आणि तिचा क्रम ऋतुमानाप्रमाणे ठरलेला असतो. वैशाखात शेतीच्या कामातून थोडी सवड मिळते, तेव्हा घर शाकारतात. कौले उतरवून त्यांवरील धूळ व शेवाळ झाडतात, फुटलेली कौले बदलतात, किडलेला वासा काढून नवा घालतात. घर गवताचे असेल तर कुजलेला थर काढून नवे गवत अंथरतात. शाकारणी आधी आणि भिंतीची कामे नंतर, हा नियम कोणीही मोडीत नाही. याचे कारण उघड आहे. छपरातून पाणी गळत राहिले, तर भिंतीवर केलेली सारी मेहनत एका पावसात वाहून जाईल. पावसाळा तोंडावर आला की ज्या बाजूने झड येते, त्या बाजूच्या भिंतीला गवताचा किंवा पानांचा आडोसा बांधतात. भिंतीने जणू इरलेच पांघरलेले असते!

पावसाळा सरला आणि भात कापणीस आले, की दुसऱ्या कामास प्रारंभ होतो. पावसाने ओलसर झालेल्या भिंतींचा सुटलेला गिलावा खरवडून काढतात व नवा देतात. घरातली जमीन उखडली असेल तर ती खणून, पाणी शिंपून, धुम्मसाने ठोकून पुन्हा घट्ट करतात. वर चोपण्याने चोपून ती सपाट करतात आणि शेवटी शेणाने सारवितात. सारवलेल्या जमिनीची धूळ उडत नाही व ती पायांना मऊ लागते. सारवताना हाताच्या फिरण्याने अर्धवर्तुळांची एक नक्षी आपोआप उमटते. ती मुद्दाम कोणी काढलेली नसते, परंतु घराच्या शोभेत तिचाही वाटा असतो. काम नीटनेटके केले की शोभा त्यातूनच जन्म घेते.

त्यानंतर भिंतींना चुना देतात. भाजलेल्या चुनखडीवर पाणी ओतले की ती सळसळ आवाज करीत फुलते आणि इतकी तापते की पाण्यास उकळी फुटते. यालाच चुना विरवणे म्हणतात. हे काम मोठ्या माणसांनीच करावयाचे असते, कारण चुन्याचा थेंब डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते. विरलेला चुना पाण्यात कालवून, त्यात थोडी नीळ टाकून कुंचल्याने भिंतीवर लावतात. वाळताना तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो व पुन्हा दगडासारखा कठीण होऊ लागतो. पांढरी भिंत प्रकाश परतविते. त्यामुळे अंधाऱ्या माजघरातही उजेड दुणावल्यासारखा वाटतो. भिंतीच्या तळाशी मात्र गेरूचा तांबडा पट्टा ओढतात. तेथे पावसाचे शिंतोडे उडतात, लहान मुलांचे मळके हात लागतात. तांबड्या रंगावर ते डाग चटकन दिसत नाहीत. डोळ्यांना सुंदर दिसणारा हा पट्टा अशा रीतीने उपयोगीही ठरतो.

या जिल्ह्याच्या उत्तरेस वारली लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांपैकी डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे तालुके १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळे होऊन नव्या पालघर जिल्ह्यात गेले. घराच्या भिंतीचाच चित्रफलक करण्याची कला वारली स्त्रियांनी जपली. लग्नाच्या प्रसंगी गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघट देवीची आकृती असते आणि भोवती झाडे, पशुपक्षी, शेतात राबणारी व तारप्याच्या तालावर नाचणारी माणसे असतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचा देह होतो, आणि वर एक लहान वर्तुळ काढले की डोके होते. कुंचला असतो बांबूच्या चघळलेल्या काडीचा. १९७० नंतरच्या दशकात ही कला भिंतीवरून कागदावर आली व देशोदेशी पोहोचली. जिव्या सोमा मशे या वारली चित्रकारांना २०११ साली ‘पद्मश्री’ हा किताब मिळाला. ज्या चित्रांसाठी आज मोठमोठ्या शहरांत प्रदर्शने भरतात, त्यांचा उगम मातीच्या एका साध्या भिंतीवर झाला आहे.

गृहसजावटकार एखादे घर पाहू लागला की प्रथम काही प्रश्न विचारतो. या घरात कोण राहते? ती माणसे दिवसभर काय काम करतात? ऊन कोणत्या बाजूने येते, वारा कोठून वाहतो, पाणी कोठे साचते? त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून तो रंगाच्या डब्याला हातही लावीत नाही. किन्हवलीकडील जुने घर या परीक्षेस उतरते. ओटीवर पाहुणा बसतो, पडवीत औते व जळण राहते, माजघरात कणगी असते, कारण धान्याला कोरडी जागा हवी. कोनाड्यात दिवा, खुंटीवर कांबळे, माळ्यावर वर्षभराची सामग्री अशी प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. ‘प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर’ हे तत्त्व येथे कोणी पुस्तकातून शिकलेले नाही.

जवळच मिळणारी सामग्री वापरून सुंदर घर बांधता येते, हे महात्मा गांधींनी देशापुढे ठेवले. १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. हेच खेडे पुढे सेवाग्राम या नावाने प्रसिद्ध झाले. आपल्या निवासासाठी पाचशे रुपयांहून अधिक खर्च होऊ नये, अशी त्यांनी अट घातली होती. माती, बांबू, लाकूड आणि कौले यांतून तेथील कुटी उभी राहिली. गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेल्या झोपडीत पुढे गांधीजी राहू लागले. तीच आज ‘बापूकुटी’ म्हणून ओळखली जाते. तिच्या भिंतींवर मीराबेन यांनी ओल्या मातीतून ताडाची झाडे व चरखा अशा उठावाच्या आकृती घडविल्या. त्यांना निराळा रंग नाही, सोन्याची कड नाही. भिंत ज्या मातीची, चित्रही त्याच मातीचे! तरी देशोदेशीचे लोक ती भिंत पाहावयास येतात.

परंतु जुन्या घरात सारेच चांगले होते, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. चुलीचा धूर कोंडून स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या डोळ्यांना व छातीला अपाय होतो. खिडक्या लहान असल्यामुळे आत दिवसाही अंधार राहतो. लाकडाला वाळवी लागते, कुडात उंदीर व विंचू आसरा घेतात. जमीन सारविणे, गिलावा करणे, शेण-माती वाहणे या कष्टांचा मोठा भाग स्त्रियांवरच पडतो. जंगलेही पूर्वीसारखी राहिली नाहीत. खांबासाठी साग किंवा कुडासाठी कारवी मिळविणे सोपे नाही. म्हणून किन्हवलीच्या परिसरातही विटा, सिमेंट व पत्रे यांची घरे वाढत आहेत. ग्रामीण कुटुंबांना पक्के घर बांधण्यास शासन साहाय्य देते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत अशा घराचे क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर असावे, असे ठरविलेले आहे.

अशा वेळी प्रत्येक कुटुंबापुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. एखाद्या पाड्यावरील घराचे उदाहरण घेता येईल. घरात आजी, आईवडील व शाळेत जाणारी दोन मुले. कौले गळतात, एक भिंत कलली आहे, आणि हाताशी भात विकून आलेले थोडेसे पैसे आहेत. वडिलांच्या मनात येते, की जुनी कौले काढून टाकावी व पत्रे घालावे; म्हणजे दरवर्षीची शाकारणी सुटेल. आजीला ते पटत नाही. ती म्हणते, “पत्र्याखाली वैशाखात बसवेल का?” मोठ्या मुलीची अडचण आणखी निराळी. तिला अभ्यासाला उजेडाची जागाच नाही. सायंकाळी ती पुस्तक घेऊन ओट्यावर बसते आणि पाऊस आला की तिला आत यावे लागते. तिघांचेही म्हणणे खरे आहे, आणि पैसे तर एकदाच खर्चता येतात. ते चुकीच्या जागी खर्च झाले, तर पुन्हा तेवढी रक्कम जमविण्यास कित्येक वर्षे लागतील.

येथे गृहसजावटकाराची दृष्टी उपयोगी पडते. तो खर्चाचा क्रम लावून देतो. सर्वांत आधी घराचा जीव वाचवावयाचा, म्हणजे कललेली भिंत सावरावयाची, वाळवीने पोखरलेला खांब बदलावयाचा आणि छपराची गळती थांबवावयाची. कौले चांगली असतील तर ती टाकून देण्याचे कारण नाही. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. नुसता पत्रा मात्र लवकर तापतो व त्याची झळ सरळ खाली येते. पत्रा घालणे भागच असेल, तर त्याखाली बांबूच्या तट्ट्यांचे छत करावे व मध्ये हवेला वाव ठेवावा. त्यानंतर उजेडाचा विचार. चुलीच्या वर आणि अभ्यासाच्या जागेवर एकेक काचेचे कौल बसविले, तर थोड्या खर्चात दिवसाचा प्रकाश थेट घरात उतरतो. धुरासाठी धुराडे केले म्हणजे आईचे डोळे वाचतात. भिंतीत एक मोठी खिडकी आणि तिच्या समोरच्या भिंतीत दुसरी ठेवली, की वारा आरपार वाहतो. एवढे झाल्यावर पैसे उरले, तर मग रंग. अशा क्रमाने गेल्यास वडिलांची गळती थांबते, आजीचा गारवा टिकतो आणि मुलीला वाचण्यास जागा मिळते.

जुन्या घराची दुरुस्ती करताना एक चूक वारंवार घडते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला म्हणजे ती पक्की होईल, अशी समजूत असते. वस्तुतः मातीची भिंत ओलावा आत घेते व बाहेर सोडते. सिमेंटने तिचा हा मार्ग बंद होतो. ओल आतच अडकते, माती भुसभुशीत होते आणि काही काळाने सिमेंटचे पापुद्रे सुटून पडतात. मातीला मातीचा किंवा चुन्याचाच लेप मानवतो. नव्याची जोड जुन्याला देताना दोहोंचा स्वभाव जुळतो की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

ज्यांनी नवे घर बांधले, त्यांनाही जुन्या घरापासून पुष्कळ शिकता येते. २५ चौरस मीटरांच्या घरात मोठी कपाटे व पलंग भरले, तर माणसांना वावरण्यास जागा उरत नाही. भिंत बांधतानाच तिच्यात कोनाडे ठेवले, तर दप्तरे, पुस्तके व भांडी जमिनीवरून उठून भिंतीत जातात. दाराच्या वर फळी टाकून माळा केला, की वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू तेथे राहतात. खिडकीखाली रुंद कट्टा बांधला, तर दिवसा तो बैठकीच्या व अभ्यासाच्या कामी येतो आणि रात्री त्यावर निजता येते. घरापुढे ओटा ठेवला, तर लहान घरही मोठे होते, कारण खेड्यातले अर्धे जीवन ओट्यावरच चालते. जुनी कौलेही वाया जात नाहीत. केरळात दीर्घकाळ काम केलेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर सिमेंटच्या छतात, सळयांच्या मधल्या जागेत, जुनी कौले बसवीत. त्यामुळे सिमेंट कमी लागे, छताचे वजन घटे आणि खाली पाहणाऱ्यास कौलांची सुबक नक्षी दिसे.

रंगाच्या बाबतीतही संयम हवा. बाजारात शेकडो रंग मिळतात म्हणून प्रत्येक भिंत निराळ्या भडक रंगाने रंगविली, तर लहान खोली अधिकच लहान भासते. भिंती फिकट रंगाच्या ठेवाव्या, तळाशी गडद पट्टा द्यावा आणि एखाद्याच भिंतीवर चित्र असावे. ते चित्र छापील असण्यापेक्षा घरातल्यांनी काढलेले असले, तर त्याची गोडी वेगळी असते. नव्या, गुळगुळीत भिंतीवरही गेरूचा हात देऊन वर पांढऱ्या रेघांनी आपल्या शेताचे, बैलांचे, आपल्या डोंगराचे चित्र काढता येते. दारावर आंब्याच्या पानांचे किंवा भाताच्या लोंब्यांचे तोरण बांधण्यास पैसा लागत नाही. शोभा ही किमतीवर अवलंबून नसते. वस्तूची निवड आणि मांडणी यांवर ती अवलंबून असते.

घर मातीचे असो वा सिमेंटचे, ते जड आणि मुके असते. त्यात राहणाऱ्या माणसांच्या गरजा ओळखून कोणी खिडकी रुंद करतो, कोणी धुराला वाट देतो, कोणी आजीच्या काठीसाठी दाराशी खुंटी ठोकतो, तेव्हा त्या घराला घरपण येते. किन्हवलीच्या पाड्यावरची गृहिणी दिवाळीपूर्वी आपली ओटी सारविते आणि शेवटचा हात फिरवून क्षणभर मागे सरून पाहते. कोठे खड्डा राहिला का, कोपरा सुटला का, हे ती निरखते. कसलेला गृहसजावटकारही काम संपल्यावर याच नजरेने घराकडे पाहतो. आपल्या घराकडे अशा नजरेने पाहावयास जो शिकला, त्याचे घर लहान असले तरी प्रसन्न राहते.